लेडव्हिल, जाऊन येऊन

संक्रांतीनंतरच्या शनिवारी
वहिनी गाडी चालवत होती.
वहिनी म्हणजे,
गेल्या जूनपर्यंतची वहिनी.
कोर्टात न्यायाधीशबाईंनी
माझ्या भावाचं नि तिचं बावीस मिनिटांत आटोपलं.
घर, गाडी, कुत्रा, निवृत्तीचे पैसे,
सगळ्याची वाटणी झाली.
नणंद कुणाकडे जाणार
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

"आता नावानेच हाक मार," घरून निघताना ती म्हणाली होती.
कालिंदी.
बोगद्याच्या अंधारात मी ओठ न हलवता
दोनतीनदा म्हणून पाहिलं.
अलीकडे ऊन होतं, पलीकडे हिमवादळ.
मागच्या सीटवर वेफर्सचं पाकीट
उंची चढेल तसं फुगून टम्म झालेलं.
"फुटेल बघ," ती म्हणाली.
मला वाटलं, आता विषय निघणार.
तिला पाकिटाबद्दलच म्हणायचं होतं.

लेडव्हिल. दहा हजार एकशे बावन्न फूट.
पाटी वाचेपर्यंतच धाप लागली.
इतक्या उंचावर वाक्यं आखूड होतात,
कर्ता गळतो आधी, मग विशेषणं.
"चहा?"
"आधी बघू."
"सावकाश."
"हं."
हॅरिसन अव्हेन्यूवर चांदीच्या दिवसांतल्या विटांच्या इमारती,
कपाळावर साल कोरलेल्या,
आणि मागे मॅसिव्ह नावाचा डोंगर,
नावाला जागून बसलेला.

संग्रहालयातला म्हातारा, नाकात प्राणवायूची नळी,
म्हणाला, एकेकीचं सात डॉलर,
कुटुंब असाल तर दोघींचं मिळून दहा.
मी चौदा मोजायला घेतले.
"कुटुंब," वहिनी म्हणाली,
त्याला कळेल अशा भाषेत, माझ्याकडे न बघता.
चार डॉलर वाचले.

आत फोटोत बर्फाचा महाल.
अठराशे शहाण्णवचा हिवाळा,
चांदीचा भाव कोसळलेला, खाणी ओस,
तेव्हा या लोकांनी पाच हजार टन बर्फ कापून
बुरूज चढवले, आत नाचायला लाकडी जमीन केली,
भिंतींत गुलाब गोठवले, मासेसुद्धा.
परगावच्यांनी यावं, चार पैसे खर्चून जावेत.
ते आले. सकाळच्या आगगाडीने, घरचे डबे घेऊन,
संध्याकाळच्या गाडीने परत.
मार्चअखेर महाल बंद.

"वितळणार हे माहीत असणारच ना सगळ्यांना?" मी म्हटलं.
ती फोटोला नाक लावून उभी.
"एवढं पाणी गेलं कुठे असेल," म्हणाली,
"उताराखालच्या घरांत शिरलं असेल.
कुणीतरी फडकी पिळत बसलं असेल."
ही अशीच.
महाल बघून हिला फडकी आठवतात.

पार्किंगमध्ये तिचा पाय घसरला
आणि माझ्या तोंडून "वहिनी!" गेलंच,
अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं.
एक कुत्रा वळून बघायला लागला.
ती आरशाला धरून सावरली,
बूट झटकले.
काही म्हणाली नाही.

गाडीत हीटर लावून डबा उघडला.
गुळपोळ्या कडक, तुपाचा दगड.
"तुला तूप जास्त लागतं ना."
वाटी हीटरच्या झरोक्याशी धरली
आळीपाळीने, बोटं भाजेपर्यंत.
कडेने सुटलं आधी, मध्ये मात्र
बराच वेळ एक पांढरा डोंगर.
"घरी केल्या नसतील कुणी."
"दादाला कुठलं जमतंय."
तो शब्द वाफ होऊन काचेवर बसला.
तिने बाहीने काच पुसली
आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

उतारावर वेफर्सचं पाकीट
हळूहळू मऊ पडत गेलं.
फोडलंच नाही कुणी.

घाईघाईत डबा माझ्याकडेच राहिला.
धुऊन ओट्यावर पालथा घातलाय.
रिकामा डबा परत देत नाहीत आपल्यात.
फेब्रुवारी लागला,
काय घालावं त्यात, ठरत नाही.