उशीखालचा चमचा

पहाटे पाच-दहाला फोन. तोच रेकॉर्ड केलेला आवाज:
सिरॅक्यूजमधल्या सर्व शाळा आज बंद.
लेकीनं उशीखालचा चमचा काढून मला दाखवला,
‘बघ, पडला की नाही बर्फ!’
आणि झोपली पुन्हा,
पायजमा उलटा, शिवणी बाहेर.
वर्गातल्या सगळ्यांनीच केला होता म्हणे हा तोडगा.

सगळ्यांनी?

शाळेच्या फ्रीजमध्ये शुक्रवारी मीच मोजून ठेवलीत
दुधाची दोनशे बारा खोकी.
तारीख आजची.

दुसरीतला टोबायस
शुक्रवारी रांगेत दुसऱ्यांदा येतो,
ट्रे पुढे धरतो, बोलत काही नाही.
मी वाढते. नियमात बसत नाही ते.
सोमवारी दार उघडायच्या आधी
पायरीवर तोच असतो.

आज सोमवार.

नांगर लावलेला ट्रक मघाशी रस्ता उघडून गेला,
त्यावर पुन्हा साय धरलीय.
गाडी कुठली आपली, कुठली शेजाऱ्यांची,
नुसते उंचवटे.
कुठे राहतो तो, तेही मी कधी विचारलं नाही.

दहाला लेक उठली. भूक लागली म्हणाली.
खिचडी टाकली मी,
बोलता बोलता, हाताच्या मापानं.
दोघींपुरती.

झाकण बसेना.