विषय क्रमांक सात

ठराव अकरा मिनिटांत झाला.
फुटबॉलच्या नव्या गुणफलकाला हात लावायचा नव्हता,
मग पोहणारी एकोणीस मुलं
एका रकान्यात मावली.

कुलगुरू हॉगनबाईंनी सही केली
आणि पेनाचं टोपण शोधत राहिल्या.

बाहेर नॉर्थ डकोटा, उणे बावीस.
प्रशिक्षक लिंडग्रेन दारात, टोपी हातात.
भांडायला आलाय, असंच वाटलं सगळ्यांना.
त्यानं एवढंच विचारलं:
तलावाचा हीटर आजच बंद करू,
की उद्या पहाटेचा सराव होऊ दे?

कुणी बोलेना.
हे विषयपत्रिकेवर नव्हतं.

पहाटे पाचला क्रीडासंचालक
स्वतःच्या किल्लीनं आत शिरला.
पाण्यावर वाफ.
सहाव्या पट्ट्यात एक मुलगी
फेऱ्या मोजत होती.
तिचा आकडा चुकू नये
म्हणून त्यानं बूट हातात घेतले.