तिऱ्हे, फ्रान्स

गाजूल सरांनी क्लासच्या दारावर कागद चिकटवला:
चार दिवस उघड्यावर चित्रं,
फ्रान्सच्या खेड्यात काढायचे तशी.
खाली बारीक अक्षरात, मुक्काम तिऱ्हे.
टोपी आणि सतरंजी आपापली आणावी.

आम्ही पाच जण. दातांचे डॉक्टर बिटला,
एलआयसीतून सुटलेले हिरेमठ,
कॉलेजची दोन पोरं, त्यांचा एक स्पीकर,
आणि मी, पद्मजा येमुल,
चादरीच्या कारखान्यात बावीस वर्षं
ग्राफच्या चौकोनांत मोर भरलेली बाई.

सरांनी सात रस्त्यावरून लांबट पाव आणला होता.
दुपारपर्यंत तो असा वाळला
की हिरेमठांनी गुडघ्यावर मोडला
आणि आवाज थेट कडक भाकरीचा आला.
शेंगाचटणी होतीच.
सर म्हणाले, तिकडे लोणी लावतात.
कुणी काही बोललं नाही.

सीनेला घोट्याएवढं पाणी, त्यात म्हशी.
कमळं समजा, सर म्हणाले.
म्हशींनी ऐकून घेतलं.

सुरवसेंच्या रानात कडब्याची गंजी होती.
सरांच्या जुन्या कॅलेंडरातली गोल, गवताची;
ही लांबट, मालदांडीची.
ते लोक म्हणे एकच गंजी
सकाळी काढायचे, संध्याकाळी काढायचे,
थंडीत पुन्हा काढायचे.

मी आधी पेन्सिलीनं रेघा आखल्या,
उभ्या, आडव्या. हाताची सवय.
चौकोन कशाला, बाई?
म्हटलं, वस्तू कुठून सुरू होते ते मला लागतं.
ती सुरू होतच नाही, सर म्हणाले. बघा.

पाहिलं.
सातला गंजीची कड गुलाबी, हवेत मुरलेली.
साडेआठला तीच पितळी.
दहाला रंगच उरला नाही, नुसतं ऊन,
आमचं सोलापूरचं,
सगळ्या शेड कार्डाचा एकच नंबर करून टाकणारं.

तेव्हा आठवली मोराची मान.
एक धागा निळा, एक हिरवा, मधेच तपकिरी.
ग्राफला नाक लावून भरताना
मोर कुठेच नसायचा.
चादर विणून दोरीवर चढली की
पलीकडच्या गच्चीवरून अम्मा ओरडायची,
आला गं!
म्हणजे बावीस वर्षं मी हेच करत होते?
कुणी सांगितलं नाही.
पगार मात्र चौकोन मोजून द्यायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो आला.
डेअरीवाल्यानं भाव बरा दिला बगा,
सुरवसे म्हणाले, तुमचं झालं का नाय?
नव्हतं झालं.
पेंढी पेंढी करत गंजी उतरू लागली.
डॉक्टर वैतागले. पोरांनी फोटो काढून ठेवले.
मी हात चालवत राहिले,
जिथे पेंढी होती तिथे आता आभाळ,
तेही घाईत लावलं,
रेघा कधी बुजल्या कळलं नाही.

टेम्पो गेला.
जमिनीवर एक चौकोन उरला, फिकट, ओलसर,
महिनाभर ऊन न पाहिलेला.

सुरवसे मागे येऊन उभे.
सावलीला निळं का लावलं?
सावली काळी असती की ओ.
बघा ना, म्हटलं.
त्यांनी टोपी मागे सारली
आणि बांधावरच्या लिंबाखाली बघत राहिले,
बिडी विझेपर्यंत.
मायला, एवढंच म्हणाले,
आणि बैल सोडायला गेले.

पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्यांत
चित्र भिंतीला टेकवलं.
अम्मा जवळ आली, वास घेतला, म्हणाली,
हा काय चिखल?
मागे सरक, म्हटलं.
कुठे सरकू? मागे भिंत आहे.

म्हणून आता पलीकडच्या गच्चीवर आलेय.
दोन ओल्या टॉवेलांच्या मधे
चिमटे लावून टांगलंय.
समोर आमच्या दारात अम्मा,
कपाळावर हात आडवा धरून.
खूप वेळ झाला.
अजून ओरडली नाही.