सावल्या बंद ठेवून

भिशीचा नंबर यंदा सहाव्या महिन्यातच लागला.
बायकोने नोटा दोनदा मोजल्या, रबर लावलं,
म्हणाली, पंचेचाळीस हजार. वर एक रुपया मागायचा नाही.
हर्षालीने आलेखाच्या कागदावर यादी केली होती,
पेन्सिलीने, म्हणजे किंमत वाढली की खोडता येईल.

लॅमिंग्टन रोडला पोचेपर्यंत
रॅम सातशेने चढली होती.
सकाळी नव्हती एवढी, ती फोनला म्हणाली.
मी म्हटलं, कोथिंबिरीचंही असंच असतं.
ती हसली नाही.

मुर्तजाभाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवरून बोलायचं.
तिसरा मी.
आतून शब्द येत होते, सॉकेट, चिपसेट, बॉटलनेक,
आणि मी पिशवी धरून उभा,
जसा माझ्या लग्नाच्या बोलणीत धाकटा मामा उभा होता.

बॉटलनेक तेवढं कळलं.
एक दांडगा आणि एक मरतुकडा एका कामाला जुंपले
की दांडगा नुसता वाट बघत बसतो.
आमच्या खात्यात असं पुष्कळ चालायचं.

काचेचं एक कॅबिनेट होतं, आत रंग बदलणारे पंखे.
तिने त्याच्यावरून नजर नेली
आणि साधं पत्र्याचं मागितलं,
इतक्या पटकन, की मला माझाच राग आला.

मग पॉवर सप्लाय.
सातशेवाला लोकल द्या, ती म्हणाली,
उरतील ते ग्राफिक्स कार्डात टाकू.
तेव्हा मी फुटपाथवरून आत शिरलो.
एकतीस वर्षं इस्पितळाचा वायरमन,
दोन डबे दोन हातांत घेतले.
लोकल हलका, संपत आलेल्या बिस्किटाच्या डब्याइतका.
वर साडेचारशे वॅट लिहिलेलं. लिहायला काय जातं?
तांबं चोरलं की हाताला कळतं, बाळा.
इथून सगळ्यांच्या पोटात जायचंय,
इथे काटकसर नको.
मुर्तजाभाई खाली वाकून पावतीपुस्तक शोधू लागले.

कार्ड जुनं होतं. अकरा हजार.
कुणाच्या तरी गोदामात रात्रंदिवस
आभासी नाणी खोदत राबलेलं, आता पुसून लख्ख केलेलं.
मी ते नाकाशी नेलं.
भाजलेल्या वार्निशचा वास,
ऑपरेशन थिएटरच्या एसीची मोटर गेली त्या रात्रीचा.
काही बोललो नाही. तिच्या नाकाशी धरलं.
तिने वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं,
दहावीनंतर इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

नवं कार्ड बजेटात बसेना.
तिने खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं,
कागद तिथे फाटला.
शेवटी ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घेतला.
आठ हजार शंभर उरले. ते रबरासकट आईच्या हातात दिले,
कार्डाचे आहेत, गॅसला घ्यायचे नाहीत.

रात्री रविवारचा पेपर अंथरून बसलो.
आधी लोखंडी कपाटाला हात, मग बोर्डाला,
हे तिनेच मला सांगितलं, मी ऐकून घेतलं.
एक स्क्रू गादीखाली गेला तो अजून सापडलेला नाही.
कार्डाची खाच रिकामी राहिली.
धूळ जाऊ नये म्हणून तिने तिच्यावर
औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला.

साडेबाराला पडदा उजळला.
एक बाई डोंगर चढत होती, पाठीवर धनुष्य.
खूप ऊन होतं तिकडे.
मी म्हटलं, हिची सावली कुठाय?
बंद केलीये बाबा, सावल्यांना फार ताकद लागते.

बाई चढत राहिली.
मी उशिरापर्यंत बघत बसलो,
मधूनच उठून प्लगला हात लावला,
गरम नव्हता.