मिशा

दुपार कलली तरी एक मासा गेला नाही.
किसुमूच्या घाटावर बायका येत,
कल्ला उचलून बघत, वास घेत,
मग काहीतरी आठवून
हात पदराला पुसत निघून जात.

शेवटी ओचोलाने दाखवला तो व्हिडिओ.
हातमोजे घातलेला माणूस, पांढरा डबा,
माशांवर ओतलेलं काहीबाही,
आणि वर एक आवाज, आपल्याच बोलीतला, काळजीने ओला:
"आपल्या न्गेगेवर प्रेतांचं औषध मारतात.
लेकरांना जपा. पुढे पाठवा."

अपोंदीने पाहिला. पुन्हा पाहिला.
तिसऱ्यांदा आवाज बंद करून.
"थांबव. हे बघ, मिशा."
ओचोलाला कळेना.
"अरे, न्गेगेला मिशा कधीपासून फुटल्या?
आणि भिंतीवरची ही अक्षरं, तुला लागतात?
बाजार कुठला कोण जाणे.
आवाज तेवढा इथला आणून डकवलाय."

मग तिने टोपलीतला एक मासा
फोनसमोर धरला, तोंडावर बोट फिरवलं:
बघा, गुळगुळीत.
बावीस सेकंद बोलली.
रात्रीपर्यंत चाळीस जणांनी ते ऐकलं.
पहिला व्हिडिओ तोवर
सरोवराच्या पलीकडे पोचला होता, वल्ह्यावाचून.

अंधार पडता पडता न्याविरा आली,
दवाखान्यातली नर्स.
"दोन दे. मोठे बघून."

सुरी खवल्यांवर थबकली.
मागच्या वर्षी असाच एक आवाज
अपोंदीच्या फोनवर उतरला होता:
या बाईच्या सुईने पोरी वांझ होतात.
तेव्हा तिने मिशा शोधल्या नव्हत्या.
घरात नात होती, जीव घाबरला होता,
अंगठ्याला काय वजन असतं?
अकरा जणींना गेला तो आवाज.
नंतर कितीतरी दिवस
दवाखान्याच्या रिकाम्या बाकड्यापाशी
न्याविरा बसून असायची, माश्या वारत,
अगदी आजच्या अपोंदीसारखी.

तिला ठाऊक असेल का, कोणी पाठवलं?
विचारायला तोंड उघडलं,
आणि भावच सांगितला.
न्याविराने घासाघीस केली नाही.

रात्री दिवा बारीक करून
अपोंदीने अकरा नावं शोधून काढली.
दोन नंबर बंद. एक बाई आता या जगात नाही.
उरलेल्या आठ जणींना
एकेक अक्षर चाचपत लिहिलं:
सुईचं ते मी पाठवलं होतं. खोटं होतं.

पहिलीचं उत्तर लगेच आलं:
कुठलं?