मापाचा कागद

वैजयंताबाई जगदाळे विट्याहून मिरजेला आल्या,
काखेत फाईल, फाईलला तीन रबरबँड,
हातात गुंडाळी केलेला खाकी कागद.
"पेटी पाहिजे," म्हणाल्या, "विमानात जाणारी."
तंबोऱ्यांच्या करतो, मी म्हटलं,
जर्मनीला जातात, जपानला जातात,
आजवर एकाचीही मान मोडली नाही.
"हिचीही मोडू नये," म्हणत त्यांनी कागद उलगडला.

पेन्सिलीनं काढलेली बंदूक. नुसती बाहेरची रेघ.
खरी आणता येत नव्हती. तिचा मुक्काम सांगलीत,
परवानेवाल्या दुकानदाराच्या तिजोरीत, पावतीवर,
मालक गेल्यापासून.
त्यानंच ती कागदावर आडवी धरली
आणि बाईंनी कडेकडेनं पेन्सिल फिरवली,
शाळेत पोरं आपला पंजा काढतात तशी.

थोरला न्यूझीलंडला, मेंढरांच्या मुलखात.
तिकडं हरणं इतकी माजलीत
की सरकारच म्हणतं, मारा.
इकडं ती बहात्तर सालापासून गप्प.
"तिथला परवाना त्याचा, इथली वारस मी.
पोलीस, कलेक्टर कचेरी, दिल्ली, परत कलेक्टर.
चौदा महिने, हारूणभाई.
बंदुकीपेक्षा फाईल जड झाली."

मग विमान कंपनीचं पत्र वाचून दाखवलं.
कुलपं दोन, किल्ल्या बाईंच्याच गळ्यात.
बोल्ट वेगळा. नळी रिकामी.
पेटी हलवली तरी आतलं हलता कामा नये.
काडतुसं? मी विचारलं.
"एकही नाही. होती ती कधीच जमा केली.
गोळीचं भ्या नाही मला,
एखादी सही राहिली असंल त्याचं आहे."
आत लाल मखमल लावू का म्हटलं,
तर म्हणाल्या, "लग्नाला नाही चाललीय ती."

आमचे पणजे शिकलगार.
तलवारींना पाणी चढवायचे, भाल्यांना धार.
पुढं धार कुणालाच नको झाली
आणि घरात कुणीतरी पहिला भोपळा चिरला.
वडील म्हणायचे, बाबालाल त्यांचं नाव,
लोखंड सोडलं, तेव्हा पोटाला लागलं.
त्यांच्याच पाटावर मी तो कागद पसरला,
चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठेवल्या
आणि रेघेवरून पातं फिरवत गेलो.
दस्त्याशी वळताना हात जरा थांबला.
वळण ओळखीचं वाटलं. कुठलं, ते कळलं नाही.

तुणीचं लाकूड वापरलं, सतारीला वापरतो तेच.
हलकं, आणि वीस वर्षं मुरलेलं.

फोममधून निघालेला तुकडा नातवानं उचलला.
जुबेर, वय सहा.
खांद्याला लावला, एक डोळा मिटला,
टांगलेल्या भोपळ्यांवर नेम धरला.
मी ओरडलो नाही.
एवढंच विचारलं, "फाईल कुठाय तुझी?"
आता तो तुकडा माझ्याकडं आहे.
सरस वाळेपर्यंत
नव्या तंबोऱ्याची मान त्यावर टेकवून ठेवतो.

आषाढात फोन आला, ऑकलंडहून.
बंदुकीचे कागद बघितले, नंबर जुळवला,
वीस मिनिटांत मोकळी.
मग दुसरा साहेब आला आणि पेटीवर वाकला.
हे लाकूड कसलं? कीड आहे का?
धुरी दिल्याचा दाखला?
चौदा महिन्यांच्या फाईलीत
लाकडाचा एकही कागद नव्हता.
बंदूक पोराबरोबर गेली, उसन्या प्लॅस्टिकच्या डब्यात.
पेटी अडकली.
"तुमची मेहनत वाया गेली," बाई म्हणाल्या.

वाया कशानं? भोपळ्यांचंही असंच होतं कधीकधी.
मी विचारलं, त्यानं वाजवून बघितली का?
"बघितली की. बोटानं, चारी बाजूंनी.
कान लावून."
आवाज कसा आला?
तिकडं जरा वेळ नुसतीच खरखर.
मग म्हणाल्या,
"मी त्या कुलपांकडंच बघत होते, भाई.
पण त्यानं दुसऱ्यांदा वाजवली."