टवका

शुक्रवारी दवाखाना बंद.
मी मनामाच्या जुन्या बाजारात जाते,
जिथे सोन्याची दुकानं संपतात
आणि घड्याळं दुरुस्त करणारे सुरू होतात.
हाजी गुलूम माझ्यासाठी स्टूल पुसतो,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा
काचेवर पालथा करतो.

लोलक. बोटाच्या पेराएवढे.
विमान, निळ्या पंखांचं, त्यातला एक पंख गेलेला.
कहव्याचा दल्ला, चोच हिरवी.
गलबत, शिडावर इतकी बारीक पांढरी रेघ
की भिंगाखाली धरल्यावरच कळतं,
हात थरथरला होता कुणाचा तरी.

तेलकंपनीच्या मडमा, हाजी सांगतो,
जाताना सगळं विकून गेल्या:
पंखे, गालिचे, कुत्र्याचा पट्टा,
मनगटातल्या साखळ्या.
साखळ्या वितळल्या.
हे कुणी आटवायलाही घेईना.
ते मी घेते. महिन्याला एक,
पगाराच्या पहिल्या शुक्रवारी.

तराजू कुठाय तुमचा, मी पहिल्यांदा विचारलं होतं.
तराजू समोरच्या दुकानात, तो म्हणाला,
इथे डोळे.

आठवडाभर मी दिव्याखाली
परक्यांची तोंडं उघडी धरते.
दातावरचा तो चकचकीत थर
एकदा गेला की परत येत नाही,
हे मला आता पाच भाषांत सांगता येतं.
मीन्याचं तसं नाही ना, मी हाजीला विचारते,
पुन्हा भट्टीत घालता येतो?
येतो. पण नवा रंग बसेपर्यंत जुना तडकतो.
त्यापेक्षा टवका बरा, सदीक.
टवक्याला निदान वय असतं.

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेले
तेव्हा मासा घालून गेले होते गळ्यात.
तीन सांध्यांचा, शेपूट हलणारा,
लाल खवल्यांचा, डोळ्याखाली टवका.
पोटावर कोरलेलं: मॉरीन, ६१.
उज्ज्वलावहिनीने आधी माझे हात पाहिले, मग गळा.
आखातात बारा वर्षं, आणि हे?
सोनाराने कसोटीवर घासला, फुंकर मारली,
चांदी म्हणाला, तीही भेसळीची.
आणि ही मॉरीन कोण?
मला काय माहीत.
नाव सांगायला आईकडे तरी होतं काय
तिच्या दागिन्यांवर,
मोड म्हणून गेले तेव्हा सगळे सारखेच दिसले.
हे मी बोलले नाही. जेवायला बसलो.

आज हाजीची नात आहे दुकानात,
गल्ल्याशेजारी चादरीवर बसवलेली, झहरा,
आठ महिन्यांची, लाळेने पुढचा झगा ओला.
मी वाकले डब्यात बघायला
आणि तिने गळ्यातला मासा ओढला, थेट तोंडात.

काढ, काढ, हाजी ओरडला,
रंग आहे तो, विष असतं त्यात!
मी काढायला गेले
आणि आतून आवाज आला.
टक्.

दुकानातली सगळी घड्याळं चालू होती
तरी तो वेगळा ऐकू आला.
डॉक्टर, मोडलं का काही?
मी डॉक्टर नाही, हे त्याला कितीदा सांगितलंय.

बोट आत घातलं.
खालच्या हिरडीत, मधोमध,
तांदळाच्या कणीएवढं, धारदार, नवंकोरं.
मी आधी ते पाहिलं.

मासा अजून
बघितलेला नाही.